आईच्या कंबरदुखीविषयी बाबांना पत्र

मॉन्ट्रियल,
१६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईच्या एमआरआयचा रिपोर्ट काल मिळाला. वयोमानाप्रमाणे होणाऱ्या मणक्यांच्या झिजेपलीकडे त्यात काही निघाले नाही, याचे समाधान आहेच. पण ‘मग आता हे सगळे मनाचे खेळ’ हे तुमचे फोनवरचे वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गेल्या दिवाळीत अनारसे तळताना आईच्या मनगटावर तूप उडाले होते, ते आठवते का? घर पाहुण्यांनी भरलेले होते. शेवटचा घाणा निघेपर्यंत तिने हात नळाखालीसुद्धा धरला नाही, आणि मनगटाची आग होते आहे हे तिला पंगत उठल्यावर जाणवले. कातडी काही कमी भाजली नव्हती. कपाळामागे मेंदूचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स नावाचा भाग असतो; हातातले काम, भीती, अपेक्षा यांचा हिशेब करून तो मेंदूच्या देठाकडे निरोप धाडतो, आणि तिथून मज्जारज्जूत उतरणारे तंतू खालून वर येणारा वेदनेचा संदेश वाटेतच दाबून धरतात. यासाठी शरीर स्वतःच अफूसारखी रसायने तयार करते. १९७८ साली दाढ काढलेल्या ज्या रुग्णांना औषधाचा अंशही नसलेल्या उपचाराने बरे वाटले होते, त्यांना अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिनचा परिणाम उतरवणारे नॅलोक्झोन दिले, तेव्हा त्यांच्या वेदना वाढल्या. म्हणजे तो आराम खरोखर शरीरात घडत होता.

दुखणे महिनोन्महिने टिकले की मात्र हा आवर सैल पडतो. २००४ साली अमेरिकेत जुन्या कंबरदुखीच्या २६ रुग्णांचे मेंदू मोजले, तेव्हा त्यांच्या मेंदूतले करडे द्रव्य, म्हणजे चेतापेशींचा थर, निरोगी माणसांपेक्षा ५ ते ११ टक्के कमी भरले, आणि कपाळामागचा भाग त्यात ठळकपणे होता. मला सर्वांत धीर देणारी गोष्ट पुढची आहे: २०११ साली याच शहरातल्या मॅक्गिल विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की, उपचारांनंतर सहा महिन्यांनी ज्यांचे दुखणे ओसरले होते, त्यांच्या कपाळामागच्या भागातला डाव्या बाजूचा हा पातळ झालेला थर पुन्हा जाड झाला होता.

तेव्हा बाबा, रिपोर्ट चांगला असूनही आईची वेदना खरीच आहे. काळजी, अपुरी झोप आणि घरच्यांचा अविश्वास यांचा भार तिच्या मेंदूच्या याच भागावर पडतो. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम चालू राहू द्या, आणि संध्याकाळी ती राजवाड्यापर्यंत फिरायला निघाली की तुम्हीही सोबत जात चला. पाटावरून उठताना ती भिंतीला हात टेकून क्षणभर थांबते. त्या वेळी नेमके काय होते, हे तिला शांतपणे विचारा आणि तिच्याच शब्दांत मला कळवा.

तुमची लेक