धंदा बसला तरी हिशेब बाकी राहतो

मा. संपादक,

भागीदारीतला धंदा बसला की जवळची माणसे सांगतात, 'झाले ते झाले, तोटा निम्मा-निम्मा वाटून घ्या आणि मोकळे व्हा.' मी तेच केले. सह्या केल्या, माझ्या वाट्याचे कर्ज फेडले. वर्षभराने कळले की आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाचे पुढचे काम भागीदाराने स्वतःच्या नव्या कंपनीसाठी आधीच पक्के केले होते, तेही आमची फर्म चालू असताना. तोटा दोघांनी सोसला. ही गोष्ट मात्र त्याने एकट्यापाशीच ठेवली.

धंदा बुडणे म्हणजे विश्वासघात नव्हे. अंदाज चुकतात, बाजार पडतो, त्याचे खापर सोबत्यावर फोडणे अन्यायाचेच. पण दोघांच्या पैशावर एक जण कारभार पाहतो, तेव्हा त्याच्यावर विश्वस्तासारखी जबाबदारी येते. दाराला कुलूप लागले म्हणून ती लगेच सुटत नाही; देणी-घेणी मिटेपर्यंत तिची खरी कसोटी असते, कारण तेव्हा जो तो स्वतःपुरते पाहू लागतो.

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ९ प्रमाणे भागीदारांनी एकमेकांना खरा हिशेब आणि पूर्ण माहिती द्यायची असते. वेगळा करार नसेल, तर फर्मची मालमत्ता, व्यावसायिक संबंध किंवा नाव वापरून एकट्याने कमावलेला नफा कलम १६ नुसार फर्मला द्यावा लागतो.

न्यूयॉर्कमधला मेनहार्ड विरुद्ध सॅल्मन हा १९२८ चा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचतो. १९०२ मध्ये सॅल्मनने हॉटेलची इमारत वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. मेनहार्डने पैसे घातले, कारभार सॅल्मनकडे. मुदत संपत आली तेव्हा सॅल्मनला त्याहून मोठ्या जागेचा नवा पट्टा मिळत होता. मेनहार्डला न सांगता त्याने तो स्वतःच्या कंपनीच्या नावे घेतला. न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी मेनहार्डला त्यात वाटा दिला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्या. कार्डोझो यांनी सॅल्मनवर फसवणुकीच्या हेतूचा ठपका ठेवलेला नाही. गप्प राहणे, एवढाच त्याचा दोष, आणि तेवढा पुरला! १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने तर अंतिम करारावर सह्या होण्याआधीही असे कर्तव्य निर्माण होऊ शकते, असे ठरवले.

अर्थात एकत्र केलेल्या धंद्याला 'जॉइंट व्हेंचर' (संयुक्त उपक्रम) हे नाव दिले की हे कर्तव्य आपोआप येते, असे नाही. प्रत्यक्षात कोण कोणाच्या भरवशावर होता आणि करारात काय लिहिले आहे, हे न्यायालय पाहते. म्हणून नवा धंदा सुरू करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: धंदा बंद पडला तर ग्राहक, डिझाइन, अनामत रकमा, चालू बोलणी कोणाकडे जाणार, आणि कोणती गोष्ट सोबत्याला किती दिवसांत कळवायची, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. आमचा करार अकरा पानांचा होता. त्यात याबद्दल एक ओळही नव्हती.

आपला,
एक वाचक