कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजीच?

महोदय,

‘कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी माध्यम’ असे गृहीत धरणारा प्राथमिक शिक्षणावरील लेख आपल्या दैनिकात वाचला. वसईपुरते तरी हे चुकीचे आहे. येथील धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरातील ख्रिस्ती समाजाच्या) कॅथलिक शाळांत कित्येक पिढ्यांनी मराठीतूनच मुळाक्षरे गिरवली. मीही अशाच शाळेत शिकले. सकाळची प्रार्थना मराठीत, पाढेही मराठीत. धर्मशिक्षणाच्या तासाला आम्ही ख्रिस्ती मुली एका वर्गात, तर बाकीच्या मैत्रिणी मूल्यशिक्षणासाठी शेजारच्या वर्गात बसत. घरी आमची सामवेदी, म्हणजे वसईतली मराठीची एक बोली. तरीही बाईंचे बोलणे पहिल्या दिवसापासून कळे, म्हणूनच उत्तर चुकले तरी हात वर जाई. इंग्रजी माध्यमातल्या माझ्या नातवाचा हात मात्र वाक्य जुळवण्यातच अडकतो, याचे वाईट वाटते.

इंग्रजी यावी यासाठी माध्यम बदलण्याची गरज नाही. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहेच. तो उत्तम शिकवावा. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराण’ या मराठी ख्रिस्ती काव्यग्रंथापासून मराठी ही आमच्या श्रद्धेचीही भाषा आहे. पटसंख्या घटली तरी धर्मग्रामांनी मराठी पहिलीचा वर्ग बंद करू नये, ही कळकळीची विनंती.

– एक माजी विद्यार्थिनी, वसई