अश्विनीच्या क्रिप्टोग्राफीबद्दल

टिळकवाडी, बेळगाव
९ मार्च २०२५

प्रिय दत्ता,

तुझं पत्र पोचलं. अश्विनीचं सहावं सेमिस्टर चालू झालंय, कॅम्पसमधल्या नोकरीत तिला रस नाही, क्रिप्टोग्राफीत, म्हणजे संदेश आणि सह्या सुरक्षित ठेवायच्या शास्त्रात, संशोधन करायचं म्हणते आणि त्यावरून घरात रोज ताणाताणी. त्यात पोट भरतं का, किती वर्षं लागतात आणि मुळात हे लोक दिवसभर करतात काय, असं तू विचारलंयस. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. त्याचं उत्तर कळलं की बाकीचे निम्मे सुटतात.

आपल्याकडं गल्लोगल्ली ‘एथिकल हॅकिंग’च्या पाट्या लागल्यात, त्यांचा ह्या कामाशी संबंध नावापुरताच. तिथं तयार टूल चालवायला शिकवतात. नोकरीला त्याचा उपयोग होतही असेल. संशोधनात मात्र कुणीतरी एक दावा केलेला असतो: इतकी ताकद असलेल्या शत्रूला ही पद्धत मोडता येणार नाही. तो दावा नेमका काय आहे, खरा आहे का आणि प्रत्यक्ष यंत्रावर टिकतो का, हे बघायचं. काहीजण दावा सिद्ध करतात, काहीजण मोडतात, काहीजण चिपमध्ये आणि कोडमध्ये त्याची कशी वाट लागते ते शोधतात.

तू गणिताचा मास्तर, तेव्हा एक उदाहरण वहीवर करून बघ. डिजिटल सहीची ही खेळण्यातली आवृत्ती आहे. सगळा हिशेब २३ ने भागून उरणाऱ्या शेषांत करायचा. सही करणाऱ्याची गुप्त किल्ली ७. प्रत्येक सहीला एक ताजा गुप्त आकडा लागतो, तो समज ५. त्या आकड्यापासून एक उघडा आकडा निघतो (कसा, ते वक्रावरच्या बिंदूंचं गणित आहे, आत्ता सोडून दे), तो ८ धरू. संदेशाचा हॅश, म्हणजे संदेशापासून ठरलेल्या रीतीनं काढलेला छोटा आकडा, ३. सहीचं सूत्र असं, की हॅशमध्ये ‘उघडा आकडा गुणिले किल्ली’ मिळवायचं आणि ताज्या आकड्यानं भागायचं. ३ अधिक ५६ म्हणजे ५९, शेष १३. पाचानं भागणं म्हणजे इथं १४ नं गुणणं, कारण ५ गुणिले १४ म्हणजे ७०, शेष १. तेरा चौदे १८२, शेष २१. पहिली सही २१. आता दुसरा संदेश, हॅश १०, पण प्रोग्रामनं ताजा आकडा बदललाच नाही, तोच ५ वापरला. ही सही येते ४.

चोराच्या हातात दोन हॅश आणि दोन सह्या आहेत. दोन्हींत उघडा आकडा तोच ८ दिसतो, त्यावरून त्याला कळतं की गुप्त आकडा दोनदा वापरलाय. हॅशचा फरक ३ वजा १०, शेषांत १६. सह्यांचा फरक १७. सतरानं भागणं म्हणजे एकोणीसनं गुणणं. १६ गुणिले १९ म्हणजे ३०४, शेष ५. गुप्त आकडा सापडला. मग २१ गुणिले ५ वजा ३ म्हणजे १०२, शेष १०. त्याला ८ नं भागायचं, म्हणजे ३ नं गुणायचं: ३०, शेष ७. किल्ली बाहेर. दोन समीकरणं, दोन अज्ञात. नववीतला पोरगा सोडवेल.

खऱ्या सहीत २३ च्या जागी ७८ अंकी संख्या असते, पण वजाबाकी-भागाकार तितकाच सोपा राहतो. २०१० साली प्लेस्टेशन ३ ची सही करायची किल्ली ह्याच चुकीपायी उघडी पडली. मग उपाय निघाला की ताजा आकडा यदृच्छेवर सोडायचाच नाही, तो संदेश आणि किल्ली ह्यांपासूनच ठरलेल्या रीतीनं काढायचा. २०१३ मध्ये त्याचं आरएफसी ६९७९ हे इंटरनेटच्या नियमांचं पत्रक निघालं. प्रश्न मिटला म्हणावं, तर नाही. तोच संदेश दोनदा सही करायला दिला आणि दुसऱ्या वेळी ताजा आकडा निघून झाल्यावर चिपला क्षणभर व्होल्टेजचा झटका देऊन सहीच्या सूत्रातला हॅश बिघडवला, तर ताजा आकडा तोच, हॅश मात्र वेगळा. म्हणजे पुन्हा वरचीच दोन समीकरणं. ह्या क्षेत्रात पीएच.डी.चे विषय असेच जन्माला येतात: एकाच्या उपायात दुसऱ्याला भोक दिसतं. हे वाचून अश्विनीला मजा वाटते का, हे मला गुणांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

सिद्धता असली म्हणजे झालं, असंही नाही. संदेश कुलूपबंद करायची ओसीबी२ नावाची पद्धत २००४ ची, सिद्धतेसकट, पुढं आयएसओच्या मानकातही गेली. २०१८ मध्ये सिद्धतेतली फट सापडली आणि पद्धत पार मोडली. चौदा वर्षं ती फट तज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर होती. त्याहून मोठा धक्का २०२२ चा. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या निस्ट संस्थेनं क्वांटम संगणकालाही न मोडणाऱ्या पद्धतींसाठी २०१६ मध्ये आवाहन केलं होतं. त्यातली साइक ही पद्धत चौथ्या फेरीपर्यंत पोचलेली. कास्त्रिक आणि डेक्रू ह्या दोघांनी तिची सगळ्यात छोटी आवृत्ती संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात मोडली, तीही १९९७ च्या शुद्ध गणितातल्या एका प्रमेयाच्या जोरावर. साइकच्या भरवशावर प्रबंध बेतलेल्यांचं काय झालं असेल, विचार कर. म्हणून तिला आत्ताच सांगून ठेव: सगळा प्रबंध एकाच गृहीतकावर उभा करायचा नाही. पद्धत मोडली तरी तंत्र हातात राहील, असा विषय निवडायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये निस्टची पहिली तीन मानकं आली, दोन लॅटिसवर (जाळीसारख्या मांडलेल्या बिंदूंच्या गणितावर) आणि एक हॅशवर आधारलेलं. आता ती छोट्या चिपवर लागणारी वीज आणि वेळ ह्यांवरून किल्लीचं काहीही न गळता कशी चालवायची, ह्यावर पुढची कित्येक वर्षं काम पुरेल.

आता वाट. बी.ई. नंतर गेट ही एम.टेक.-पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा द्यायची. फॉर्म ऑगस्टअखेरीस सुटतो, परीक्षा फेब्रुवारीत, स्कोअर तीन वर्षं चालतो. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये क्रिप्टॉलॉजी अँड सिक्युरिटी ह्या नावाचंच एम.टेक. आहे. आयआयएस्सी बंगळूर, आयआयटी खरगपूर, मद्रास, कानपूर, मुंबई इथं गट आहेत. खरगपूर हार्डवेअरच्या बाजूनं भारी. धारवाडला आयआयटी झाली आहे, घराजवळ पडेल हे खरं, पण नुसतं जवळ म्हणून तिथं नको. तिच्या विषयाचा माणूस तिथं आहे का ते आधी बघा. मुलाखतीत रेषीय बीजगणित, प्रोबॅबिलिटी, अल्गोरिदम विचारतात, तेही फळ्यापाशी उभं करून. सर्टिफिकेटांची फाइल कुणी उघडतसुद्धा नाही.

पैशांचं सांगतो. गेटवर एम.टेक. केलं तर महिना १२,४०० विद्यावेतन मिळतं. पीएच.डी.ला पहिली दोन वर्षं ३७,०००, पुढं ४२,०००. वेळ पाच वर्षं धर, सहाही होतात. मग बहुतेकांना दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे मुदतीच्या नोकरीवर संशोधन, करावं लागतं. आयआयटीत असिस्टंट प्रोफेसरच्या कायम जागेला पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणजे पक्की नोकरी तिशी ओलांडल्यावरच. लग्नाचं काय, हे तू लिहिलं नाहीस पण मनात आहे. ते तिच्याशीच बोल. प्राध्यापकी नको वाटली तर डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत, चेन्नईची सेट्स ही संशोधनसंस्था आहे, बंगळूरच्या चिप कंपन्या आहेत. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. म्हणजे चार वर्षांची पगारी नोकरीच, फी नाही. बेल्जियमचं लूवेन, जर्मनीचं बोखुम, नेदरलँड्सचं आइंडहोव्हन ही नावं तिनं लिहून ठेवावीत.

संस्थेपेक्षा गाइड महत्त्वाचा, आणि तो पारखायची रीत आहे. डीबीएलपी ह्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर त्याचं नाव टाकायचं. गेल्या पाच वर्षांत क्रिप्टो, युरोक्रिप्ट, एशियाक्रिप्ट, चेस किंवा सिक्युरिटीकडच्या युजनिक्स, सीसीएस ह्या परिषदांतला एखादा पेपर दिसतो का? पेपरांवर विद्यार्थ्यांची नावं आहेत का? ते विद्यार्थी आता कुठं आहेत? मग आत्ताच्या एखाद्या विद्यार्थ्याला साधं ईमेल करायचं: सर आठवड्यातून किती वेळा भेटतात, मागचा माणूस किती वर्षांत सुटला? उत्तर आलंच नाही, तर तेही एक उत्तर समजायचं.

इथं एक घोडं पेंड खातं. ह्या क्षेत्रात मान परिषदांना आहे. तिथं चार-पाच पेपरांत एखादा घेतात, तोही लेखकांची नावं झाकून तपासल्यावर. आपल्याकडच्या बऱ्याच समित्या मात्र जर्नल मोजतात. त्यापायी पोरं पैसे भरून छापणाऱ्या जर्नलांकडं वळतात आणि नाव कायमचं खराब करून घेतात. त्यातल्या त्यात सोय अशी, की चेस आणि एफएसई ह्या परिषदांचे पेपर आता रीतसर जर्नलच्या अंकांतच निघतात, वाचायलाही फुकट. आणखी एक गंमत: क्रिप्टोच्या पेपरांवर लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमानं लावतात. समितीवाले विचारतात, पहिलं नाव का नाही? तुमचं आडनाव पाटील, म्हणजे पोरगी कायम यादीच्या शेपटाकडं.

आत्ता तिनं काय करावं? क्रिप्टोपाल्स ह्या वेबसाइटवरच्या कोड्यांचे पहिले तीन संच पायथनमध्ये स्वतः सोडवायचे, उत्तरं न बघता. तिसऱ्यात पॅडिंग ओरॅकल (संदेशाच्या शेवटची भर बरोबर की चूक, एवढ्याच उत्तरावरून तो उलगडायचा हल्ला) येतो, बहुतेकजण तिथंच अडकतात. कागदावर बाइटन् बाइट मांडला तरच सुटतो. मग सी मधलं मेमसीएमपी, म्हणजे दोन बाइट-रांगा ताडून बघणारं फंक्शन, बघायचं. साध्या रीतीनं लिहिलेलं असेल तर पहिला वेगळा बाइट दिसला की ते थांबतं, आणि त्या वेळेच्या फरकावरून १६ बाइटांचा टॅग (संदेश बदललेला नाही ह्याचा शिक्का) फार तर १६ गुणिले २५६, म्हणजे ४,०९६ अंदाजांत ओळखता येतो. प्रत्यक्षात हा फरक नॅनोसेकंदांचा, गोंगाटात बुडालेला, म्हणून एकेक अंदाज हजारो वेळा मोजावा लागतो. ते मोजमाप स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघितलं तर पेपर वाचताना कुठं शंका घ्यायची ते कळतं. गणितासाठी सेजमॅथ आणि पेपर लिहायला लाटेक ह्याच उन्हाळ्यात शिकून घ्यायचं. ईप्रिंट ह्या क्रिप्टोग्राफीच्या फुकट संग्रहावरचा कुठलाही पेपर घेतला की आधी तीन ओळी लिहायच्या: शत्रू कोण, त्याला काय काय विचारायची मुभा आहे, आणि तो जिंकला असं कधी म्हणायचं. ह्या तीन ओळी जमल्या नाहीत तर पुढची तीस पानं वाचण्यात अर्थ नाही. मराठी माध्यमाची धास्ती असेल तर सोडून दे. ह्या पेपरांचं इंग्रजी ठरीव दोन-चारशे शब्दांतलं असतं.

एक मात्र कडक सांग. कॉलेजची वेबसाइट, तालुक्यातली पतसंस्था, कुणाचंही खातं ‘टेस्ट’ म्हणून उघडायचं नाही. आयटी कायद्याचं कलम ६६ तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं, आणि ‘संशोधन करत होते’ म्हटल्यानं सुटका होईलच असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. जे मोडायचं ते स्वतःच्या मशिनवर. चुकून दुसऱ्याचं काही दिसलंच तर हात न लावता सर्ट-इन ह्या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेला कळवायचं.

वरचा २३ चा हिशेब तिला आकडे बदलून, २९ घेऊन, हातानं करायला लाव आणि वहीच्या पानाचा फोटो मला पाठव. शिवाय गुप्त आकडा पुरता तोच नसून फक्त एकानं वाढवलेला असेल, आणि चोराला ते ठाऊक असेल, तर किल्ली निघते का, हेही तिला विचार. उत्तर घेऊन ती पुढच्या रविवारी इकडं आली तर बसून बोलता येईल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
शिरीष