शीर्षकसंगीताच्या पलीकडचा संगीतकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील ॲनिमेशन मालिकांवरचा लेख आवडीने वाचला. चित्रकार, दिग्दर्शक, आवाज देणारे कलाकार या सर्वांची त्यात यथोचित दखल होती. संगीतकाराचा उल्लेख मात्र एका ओळीपुरताही नव्हता. असे वारंवार होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

कार्टूनमधील संगीत ही केवळ साथ नसते. रेखाटलेल्या पात्राला स्वतःचे वजन नसते; ते जमिनीवर आदळले, हे आपल्याला पटते ते बऱ्याच अंशी वाद्यांमुळे. त्यासाठी हिशेब पक्का लागतो. सेकंदाला 24 चौकटी धावत असताना दर 12 चौकटींना एक ठोका धरला, तर मिनिटाला 120 ठोक्यांची लय मिळते, आणि पाऊल पडणे, डोळे विस्फारणे, दार आपटणे हे सारे त्या लयीत बसवूनही ऐकणाऱ्याला गणिताचा वास येऊ न देणे, ही संगीतकाराची खरी कसोटी असते.

या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, कार्ल स्टॉलिंग, कॅन्सस सिटीच्या चित्रपटगृहांत मूकपटांना ऑर्गनची साथ करीत असत. पडद्याकडे पाहत क्षणात सूर बदलण्याची तेथे लागलेली सवय त्यांना जन्मभर पुरली. 1928 मध्ये ते वॉल्ट डिस्ने यांच्या सुरुवातीच्या लघुपटांकडे वळले, 1936 मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांसाठी काम करू लागले आणि 1958 मध्ये निवृत्त होईपर्यंत लिहीत राहिले. वादकांच्या कानांत ठोका ऐकवून त्यांना चित्राशी बांधून ठेवणारी ‘क्लिक ट्रॅक’ची पद्धत रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

दूरचित्रवाणी आली आणि कामाची विभागणी बदलली. शीर्षकधून एकाची आणि दर आठवड्याचे संगीत दुसऱ्याचे, अशी रीत अनेक मालिकांत पडली. प्रसिद्धी अर्थातच पहिल्याच्या वाट्याला गेली. ‘द सिम्पसन्स’ची धून डॅनी एल्फमन यांची, हे अनेकांना ठाऊक असते, पण 1990 ते 2017 या काळात 500हून अधिक भागांना आल्फ क्लॉसेन यांनी, तेही प्रत्यक्ष वाद्यवृंद घेऊन, संगीत दिले, हे किती जण सांगू शकतील? 2017 मध्ये त्यांना त्या कामावरून दूर करण्यात आले, तेव्हा कुठे त्यांचे नाव बातम्यांत झळकले.

शर्ली वॉकर यांची गोष्टही याच जातीची आहे. 1989 च्या ‘बॅटमॅन’ चित्रपटातील एल्फमन यांच्या संगीताचे वाद्यवृंद-संचालन त्यांनी केले आणि 1992 मध्ये सुरू झालेल्या बॅटमॅनच्या ॲनिमेशन मालिकेच्या संगीताची मुख्य जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. तेथे त्यांनी नव्या संगीतकारांना हाताशी धरून घडवले. दूरचित्रवाणीच्या घाईत असे शिकवण्याला वेळ काढणे मला त्यांच्या धुनांइतकेच मोलाचे वाटते. त्या मालिकेवरून निघालेल्या 1993 च्या चित्रपटात शीर्षकांवेळी जे गंभीर लॅटिन समूहगान वाटते, त्यात सहकाऱ्यांची नावे उलटी गुंफलेली आहेत. श्रेयनामावली कोणी वाचत नाही, हे बाईंनी पुरते ओळखले असावे!

आता तर शीर्षके वगळण्याचे बटणच प्रेक्षकाच्या हाती आले आहे. मानधनाची बाजूही नावनोंदणीशीच जोडलेली आहे. कोणत्या भागात कोणाचे संगीत किती सेकंद वाजले, याची नोंद ‘क्यू शीट’ नावाच्या तक्त्यात होते आणि प्रसारणाची रॉयल्टी बहुतांशी त्यावरून वाटली जाते. तेथे नाव राहून गेले, तर पुनःप्रसारणाचे पैसे बुडण्याची वेळ येते.

तेव्हा आपणास एकच विनंती आहे. मालिकेच्या परीक्षणाशेजारी आपण जी चौकट छापता, तीत दिग्दर्शक आणि कलाकारांच्या जोडीला ‘संगीत’ ही ओळ असावी आणि शीर्षकधून व पार्श्वसंगीत वेगवेगळ्या व्यक्तींचे असल्यास दोन्ही नावे द्यावीत.

आपला,
एक नियमित वाचक