ब्लँकेट दिले, विचारपूस राहिली

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गाडगेबाबांच्या २० डिसेंबरच्या पुण्यतिथीनिमित्त बालसंस्कार वर्गाच्या मुलांनी परळच्या पदपथावरील बेघरांना ब्लँकेटे वाटल्याचे सचित्र वृत्त आपण कालच्या अंकात चार कॉलम भरून दिलेत. त्याबद्दल आपले अभिनंदन करावे की नाही, या विचारात माझा संध्याकाळचा चहा निवून गेला. छायाचित्रात डावीकडून दुसरा, टोपी तिरकी झालेला मुलगा माझा नातू आहे, त्यामुळे आपल्या वार्ताहराने जे लिहिले नाही ते मला घरबसल्या कळले.

छायाचित्रात मान खाली घालून ब्लँकेट घेणारे जे गृहस्थ आपण ‘बेघर’ म्हणून छापले आहेत, ते बेघर नाहीत. जालन्याकडे त्यांचे घर आहे, थोडीफार जमीन आहे. पत्नीवर टाटा रुग्णालयात उपचार चालू आहेत आणि धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत दोघांनी जेरबाई वाडिया रस्त्यावर पथारी टाकली आहे. हे शोधून काढायला माझ्या नातवाला काही खटपट करावी लागली नाही. वर्गाच्या ताई ब्लँकेटे मोजत होत्या तेवढ्यात त्या गृहस्थांनीच त्याला ‘कितवीला आहेस?’ असे विचारले आणि आपली धाकटीही पाचवीलाच असल्याचे सांगितले. आठवड्यातले हे तिसरे ब्लँकेट आहे, पालिकेची गाडी आली की एवढे सगळे गोळा करून पळायचे कसे, त्यापेक्षा कुणी तासभर सामानापाशी आणि हिच्यापाशी बसले तर मला रांगेत निवांत उभे राहता येईल, असेही ते म्हणाले. नातू लगेच खाली बसला. ताईंनी त्याला दंडाला धरून उठवले, कारण छायाचित्रकार खोळंबले होते. छायाचित्र झाल्यावर सर्व मुलांना तिथेच, त्या माणसांच्या देखत, ओळीने उभे करून हातांवर सॅनिटायझर दिले गेले.

हे सांगताना नातवाने मला विचारले, ‘आजी, त्यांनी बघितलं असेल का गं?’ चौतीस वर्षे शाळेत शिकवूनही मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

मी देवाधर्माच्या विरोधात आहे, असा कृपया समज करून घेऊ नये. आमचे घर माळकरी आहे आणि नातवाला त्या वर्गात मीच घातले. भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा हे मुलांनी देवाच्या नावाने शिकले तर मला आनंदच आहे. परंतु ज्या गाडगेबाबांच्या नावाचा फलक मुलांच्या हाती दिला होता, ते गावात शिरल्यावर आधी खराटा घेऊन स्वतः रस्ता झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्याच नावाची धर्मशाळा दादरला आहे, तिथे बाहेरगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. मुलांना एखादा दिवस तिथे नेऊन भाजी निवडायला बसवले असते तर बिघडले असते का? गुरुद्वाऱ्यात मुले पंगतीत रोट्या वाढतात आणि नंतर त्याच पंगतीत जेवायला बसतात. तिथे कोणाला हात पुसावे लागत नाहीत.

राहिला प्रश्न खऱ्या बेघरांचा. लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांना पुरेल असा एक कायमस्वरूपी निवारा असावा, हा केंद्राच्या योजनेने घालून दिलेला निकष आहे. मुंबईत असे निवारे कुठे आहेत आणि किती आहेत, हे आपल्या वार्ताहराने चार कॉलमांत लिहिले असते तर ते आम्ही आवडीने वाचले असते. दात्यांची नावे, पदाधिकाऱ्यांची नावे, ब्लँकेटांची संख्या, सगळे अचूक छापलेत. ज्याचा चेहरा छापलात त्याची परवानगी मात्र कोणी घेतल्याचे नातवाला आठवत नाही. उद्या तो अंक जालन्यात त्यांच्या मुलीच्या शाळेत कोणी दाखवला तर?

जाता जाता एक. माझे मागील पत्र छापताना आपण त्यातील ‘नाही’ हा शब्द गाळलात, त्यामुळे मी फेरीवाल्यांना हुसकावण्याच्या बाजूची असल्याचे आमच्या चाळीत मला आठवडाभर ऐकून घ्यावे लागले. हे पत्र छापायचे असल्यास पूर्ण छापावे, अन्यथा छापू नये.

नातवाला नाताळची सुट्टी लागली आहे. सोमवारी सकाळी आम्ही दोघे जेरबाई वाडिया रस्त्यावर त्या गृहस्थांच्या सामानापाशी बसायला जाणार आहोत. कृपया छायाचित्रकार पाठवू नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, लालबाग