जबाबदारी माझी, पण सोयही हवी

महोदय,

मला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरे-आकडे वाचताना-लिहिताना माझा गोंधळ होतो. एका खासगी गोदामात मी बिलांच्या नोंदी करतो. ओळ निसटू नये म्हणून खाली फूटपट्टी धरतो, आकडा पुटपुटत वाचतो, मग पेन्सिलीने बारीक टिक करतो. 6 आणि 9 पुन्हा एकदा पडताळतो. ही माझी जबाबदारी आहे आणि तिच्यात मला सवलत नको. चुकलेले बिल गिऱ्हाइकाला भोवते, माझ्या अडचणीशी त्याला काय देणेघेणे?

पण साहेब तोंडी सूचना भराभर सांगून निघून जातात, त्या माझ्या नीट लक्षात राहत नाहीत. "लिहून द्या" म्हटले की कामचुकार ठरवतात. दहावीला बोर्डाने मला जादा वेळ दिला, तेव्हा कुणी फुकटे म्हटले नाही. अपंग हक्क कायदा 2016 मधल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया तिच्यातच येतो. 'वाजवी सोय', म्हणजे मालकावर अवाजवी भार न टाकता करायचा आवश्यक बदल, हेही त्यात लिहिले आहे. समान संधी धोरण, म्हणजे अपंग कर्मचाऱ्यांना काय सोयी देणार याचा लेखी कागद, जाहीर करणे खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. आमच्याकडे तसा कागद मी कधी पाहिला नाही.

कामगार खात्याने तपासणीत हे धोरण मागावे. आणि सूचनांची दोन ओळींची चिठ्ठी लिहायला मालकाला एक पैसाही लागत नाही.

— एक गोदाम कर्मचारी, सांगली