उप्सालाची ‘नेशन’ म्हणजे नुसते पब नव्हेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्वीडनला शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी आपल्या शिक्षण पुरवणीत आलेला लेख वाचला. शुल्क, थंडी, घरभाडे यांची माहिती उपयोगी आहे. पण उप्साला विद्यापीठातल्या ‘नेशन’ या विद्यार्थी मंडळांची बोळवण लेखकाने ‘स्वस्त बिअर आणि नाचगाणी’ एवढ्यावर केली आहे. बिअर बाहेरच्यापेक्षा स्वस्त मिळते, हे खोटे नाही. पण जवळजवळ चारशे वर्षे जुन्या संस्थेची एवढीच ओळख वाचून पालकांनी मुलांना तिथे फिरकूच दिले नाही, तर नुकसान मुलांचेच आहे.

मी निवृत्त शिक्षक, विषय वनस्पतिशास्त्र. मुलगी उप्सालाला शिकत असताना तिच्याकडे राहण्याचा योग आला, तेव्हा अठराव्या शतकातला थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याची बाग पाहायची एवढेच मनात होते. नेशनची ओळख तिच्यामुळे झाली, आणि मग हा सगळा इतिहास वाचत गेलो.

विद्यापीठ १४७७ सालचे. नेशन निघाली सतराव्या शतकात, १६३०-४०च्या सुमारास. दूरच्या प्रांतांतून आलेली पोरे आपापल्या मुलखाच्या पोरांना धरून राहू लागली. त्यातून एकमेकांना आधार मिळे, तसा नव्या पोरांचा छळही होई. जुने विद्यार्थी त्यांना गड्यासारखे राबवून घेत. प्राध्यापकांना ही टोळकी अर्थातच खुपत होती. मोडून काढण्याचे प्रयत्न झाले, पण ती काही मोडली नाहीत. तेव्हा १६६३ मध्ये विद्यापीठाने उलटा डाव टाकला. नेशनना मान्यता दिली, सदस्यत्व सक्तीचे केले आणि प्रत्येक नेशनवर एक प्राध्यापक बसवला. त्याला इन्स्पेक्टर म्हणतात. पद आजही आहे. लेखात नेमका त्याचाच पत्ता नाही, आणि मला तर साऱ्या व्यवस्थेत तेच सर्वांत विचार करण्याजोगे वाटते. नजर ठेवायला नेमलेला हा माणूस पुढे विद्यार्थ्यांचाच होऊन गेला.

लिनियसचेच पाहा. स्मोलांड या दक्षिणेकडच्या प्रांतातल्या पाद्र्याचा हा मुलगा १७२८ साली उप्सालाला आला, तेव्हा खिशात फारसे काही नव्हते. वडीलधाऱ्या विद्वानांनी घरी ठेवून घेतले म्हणून तो तरला. १७४१ मध्ये तो प्राध्यापक झाला आणि १७४४ मध्ये स्मोलांड नेशनचा इन्स्पेक्टर. हे पद त्याने १७७८ साली मरेपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे सांभाळले. जगभरच्या झाडांना आणि प्राण्यांना (वंश आणि जात अशी) दुहेरी नावे देत बसलेला, राजदरबारी मान असलेला हा माणूस आपल्या मुलखाच्या पोरांच्या वागणुकीची आणि अभ्यासाची जबाबदारीही वाहत होता. त्याच स्मोलांडातल्या यनशपिंग गावचा कार्ल पीटर थुनबर्ग त्याच्या हाताखाली शिकला, दक्षिण आफ्रिका, जावा, जपान, श्रीलंका अशी मुशाफिरी करून आला, ‘फ्लोरा यापोनिका’ हा जपानी वनस्पतींवरचा ग्रंथ लिहिला आणि पुढे लिनियसच्याच अध्यासनावर बसला. नेशनमुळेच हे घडले असे मी म्हणणार नाही, पण गुरू वर्गापलीकडेही भेटत असेल तर विद्यार्थ्याला त्याचा फायदा होतोच.

विद्यापीठाचा अधिकारी आणि विद्यार्थ्यांचा गुरू या दोन टोप्या एकाच डोक्यावर असल्या की कधीतरी अडचण येणारच. १७५९ साली पेटर फोर्सकोल या लिनियसच्या तरुण शिष्याने नागरी स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका छापली. लिहिण्या-छापण्याची मोकळीक हवी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. सरकारने तिच्यावर बंदी घातली आणि प्रती गोळा करण्याचे काम आले विद्यापीठाच्या तेव्हाच्या रेक्टरवर (आपल्याकडचे कुलगुरू), म्हणजे खुद्द लिनियसवर! छापलेल्या ५०० प्रतींपैकी हाती लागल्या अवघ्या ७९. गुरुजींनी शोध फार मनावर घेतला नसावा, असा माझा आपला तर्क. सात वर्षांनी, १७६६ मध्ये, स्वीडनने मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला.

तो पाहायला फोर्सकोल मात्र उरला नाही. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो निसर्गतज्ज्ञ म्हणून गेला आणि १७६३ साली येमेनमध्ये तापाने दगावला. त्याचा सहप्रवासी कार्स्टन नीबुर त्याच वर्षी मुंबईला पोहोचला. घारापुरीच्या लेण्यांची बारकाईने मापे आणि चित्रे काढणाऱ्या पहिल्या युरोपीयांत त्याचे नाव घेतात. फोर्सकोलच्या वनस्पतींच्या नोंदीही पुढे त्यानेच छापून आणल्या. लिनियसच्या शिष्याची टिपणे अशी आपल्या दारावरून गेली, हे वाचून मला फार मौज वाटली.

या परंपरेत सारे काही गोड आहे असे नाही. शतकानुशतके हा पुरुषांचाच कारभार होता. स्वीडनमधली पहिली विद्यार्थिनी बेट्टी पेटरसन १८७२ साली उप्सालात दाखल झाली तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. शालान्त परीक्षेला बसायलाच तिला राजाची खास परवानगी काढावी लागली होती. ती गॉटलंड बेटाची, म्हणून गॉटलंड नेशनची सदस्य झाली. इन्स्पेक्टर व्हायचे तर तेव्हा प्राध्यापक असावे लागे, आणि उप्सालातली पहिली स्त्री प्राध्यापक, भूगोलाच्या गेर्ड एनेक्विस्ट, नेमली गेली १९४९ साली! शिवाय मेजवान्यांचे पोशाख आणि खर्च पाहता गरीब मुलाला तिथे अवघडल्यासारखे होत असेल, ही शंका मला आजही आहे.

आता कारभार सगळा विद्यार्थ्यांचा. उप्सालात अशी तेरा नेशन आहेत. प्रत्येकाचा प्रमुख, त्याला कुरातोर म्हणतात, विद्यार्थीच असतो आणि बहुधा शिक्षण थोडे बाजूला ठेवून ते काम करतो. पैशाअडक्याचा हिशेब, स्वयंपाकघर, ग्रंथालय, गायनवृंद, शिष्यवृत्त्या, काहींच्या मालकीची विद्यार्थी-घरे, सगळे ही विशी-पंचविशीतली मुले चालवतात. वेस्टमनलांड-डाला नेशनची इमारत तर फिनलंडचा नामांकित वास्तुरचनाकार आल्वार आल्टो याने रचलेली, १९६५ साली पुरी झालेली. इन्स्पेक्टरही आता विद्यार्थ्यांची सभाच निवडते. त्याने सल्ला द्यावा, मुलांत येऊन बसावे, रोजच्या कारभारात हात घालू नये, अशी रीत. एका मेजवानीत मुलीने मला एक पिकल्या केसांचे गृहस्थ दाखवले, तेच इन्स्पेक्टर. गाण्यांची वही हातात धरून ते मुलांबरोबर मोठ्याने गात होते, आणि कुणी त्यांच्यासाठी उठून खुर्ची सोडत नव्हते. आमच्या वेळच्या स्नेहसंमेलनात प्राचार्यांसाठी पहिल्या रांगेत सोफा मांडलेला असे.

शेवटी दोन दुरुस्त्या, त्या कृपया पुढच्या पुरवणीत छापाव्यात. नेशनचे सदस्यत्व सक्तीचे आहे असे लेखात म्हटले आहे. ती सक्ती १ जुलै २०१० पासून उठली. आणि ‘आपल्या प्रांताच्याच नेशनमध्ये जावे लागते’ हेही आता खरे नाही. नाशिकचा मुलगा स्मोलांड नेशनमध्ये जाऊ शकतो आणि लातूरची मुलगी गॉटलंडमध्ये. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०११ पासून तिथे शुल्क भरावे लागते आणि खोली मिळणे महाकठीण. तेव्हा जाणाऱ्यांनी प्रवेश नक्की होताच कोणत्या नेशनची घरे आहेत आणि त्यांच्या यादीत नाव कसे घालायचे, हे आधी विचारून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा